ढोलकीवरचा टॉवेल

माझं तोंड आणि माझं डोकं यांची लहानपणापासून फारशी ओळख नाही. तोंड आधी घराबाहेर पडतं, डोकं मागनं चप्पल शोधत येतं. या तोंडाच्या जोरावर मला नोकरी मिळाली, आणि याच तोंडानं मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या जागेवरून उठवलं. नोकरीची गोष्ट मी शंभरदा सांगितलीय. दुसरी अजून कुणाला धड सांगता आलेली नाही. सांगायला बसलो की मधेच काहीतरी चावटपणा करतो, लोक हसतात, आणि मला सुटल्यासारखं होतं.

नोकरी म्हणजे लावणीच्या थिएटरात माईकवर बोलायची. इंदापूरहून बारामतीकडं जाताना रस्त्याला लागून, उसाच्या दोन फडांच्या मधे आमचं थिएटर आहे. थिएटर म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. पत्र्याचं लांबलचक शेड, पुढं फळ्यांचं स्टेज, त्याच्यापुढं प्लास्टिकच्या खुर्च्या. मागच्या बाजूला पार्ट्यांच्या खोल्या, खोल्यांपुढं डब्यात लावलेल्या तुळशी आणि दोरीवर वाळणारी नऊवारी लुगडी. सात-आठ पार्ट्या मुक्कामाला असतात. एकेका पार्टीत नाचणाऱ्या चार-पाच जणी, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला. रात्री पाळीपाळीनं एकेक पार्टी स्टेजवर येते, दोन-तीन लावण्या करून जाते. एक पार्टी उठून दुसरी बसेपर्यंत जी मोकळी जागा राहते, ती भरायला मी.

घरी वरकुट्याला मात्र मी कोल्ड स्टोरेजला रातपाळी करतो असं सांगून ठेवलं होतं. डाळिंबाची पेटी उचलायचा कंटाळा असलेला पोरगा कोल्ड स्टोरेजात काय करत असेल, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही, हे माझं नशीब.

एका रात्री गेटवरच्या माणसानं निरोप आणला की कुणीतरी ट्रॅक्टर गेटातच आडवा घातलाय. मी झोकात पुकारलं, "लाल ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, ट्रॉलीच्या फळीवर मोर काढलेला! मालकानं ताबडतोब यावं. आन् येताना लाजू नये, हितं समदे लाजून झालेलेच लोक बसल्यात!" हॉल खदखदला. तिसऱ्या रांगेतून टोपी डोळ्यांवर ओढत माझा सख्खा चुलता उठला. तो मोर मीच रंगवला होता, दहावीच्या सुट्टीत. पिसारा काढता काढता रंग संपला म्हणून अर्धाच राहिलेला मोर, तालुक्यात तसा दुसरा नाही. तरी पुकारताना माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी ओसरीवर चुलत्यानं विचारलं, "काय, कोल्डात थंडी हुती का?"

"हुती की. तुमी रातच्याला पाणी धराया गेलता न्हवं?"

"व्हय व्हय. लाईटच गेली बग."

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांना फार मानानं वागवतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की स्वतःच्या हातानं रंगवलेली गोष्ट मी ऐनवेळी कशी विसरू शकतो हे तुम्हांला कळावं.

आमच्या हॉलमधली माणसं म्हणजे भाजी-फळं पिकवणारी, दिवसभर चिखलात उभी राहिलेली. ढोबळी मिरचीचा भाव पडला तरी येणार आणि चढला तरी येणार. पहिल्या रांगेत कायम एक जण असायचा, निमगाव केतकीचा पानमळेवाला. चाळिशी गाठली तरी लग्न जमलेलं नाही. पोरी बघून बघून दमलेला. त्याला सगळे तात्या म्हणायचे. येताना मळ्यातली पानं ओल्या फडक्यात बांधून आणायचा आणि सगळ्या पार्ट्यांना वाटायचा. एखादी नाचणारी त्याच्याकडं बघून लाजली की मागच्या रांगेतून आवाज यायचा, "तात्या, सोयरीक जमली का?" तात्या मागं न बघता म्हणायचा, "जमली, पर तिच्या मालकाला अजून कळवलं न्हाय." माझा निम्मा धंदा त्याच्यावर चालायचा.

आणि शेवटी जुगलबंदी. तिच्यासाठी माणसं शेवटच्या पाळीपर्यंत बसून राहायची. नाचणारी पायानं एक बोल टाकते, ढोलकीनं तोच जसाच्या तसा परत द्यायचा. मग थोडा लांब, मग आणखी वाकडा. कुठंतरी ढोलकी चुकते. चुकली की मी माईकवरून ओरडायचं, "पदर!" मग अख्खा हॉल ओरडणार, "पदर! पदर!" आणि नाचणारीनं कमरेला खोचलेला पदर सोडून ढोलकीवर टाकायचा. पदर पडला की ढोलकी मुकी. त्या पाळीपुरतं ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवून गप बसायचं, उरलेलं गाणं पेटीवर आणि घुंगरांवर. ही रीत मी यायच्या आधीपासूनची. तरणे ढोलकीवाले मुद्दाम चुकायचे, कारण पदर अंगावरून जाताना शिट्ट्या पडतात. सगळी गंमतच होती.

एकट्या आबांच्या ढोलकीवर पदर कधी पडलेला नव्हता.

आबा लासुर्ण्याचे. साठी केव्हाच उलटलेली, अंगावर मांस नाही, खांद्यावर निळ्या काठाचा पांढरा टॉवेल. ज्या पार्टीत ते वाजवायचे तिची मालकीण म्हणजे अक्का. अक्का चाळिशीच्या पुढं गेलेली, पण शेवटची पाळी तिचीच. वीस-बावीस वर्षं ती नाचत होती आणि आबा वाजवत होते. स्टेजवर बाकी सगळे साजिंदे गादीवर बसायचे, आबा मात्र गादी बाजूला सारून नुसत्या फळीवर. बूट-चप्पल नाही, मांडी घातलेली, नजर खाली. मला वाटायचं म्हातारपणीचा नखरा असेल.

त्याचं कारण मला एका दुपारी कळलं. अक्काच्या खोलीत मी फुकटचा चहा प्यायला बसलो होतो. गॅसवर कुकर होता. एकाएकी कुकरची शिट्टी सुटून वर पत्र्यावर आदळली, तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. मी खाटेखाली गेलो. माझं शौर्य एवढंच. वरण अंगावर घेऊन बाहेर आलो, तर शेजारच्या खोल्यांमधल्या बायका धावत आलेल्या, कुत्रं केकाटत फडात पळालेलं, आणि दारात पाठमोरे बसलेले आबा शांतपणे ढोलकीच्या दोरीतल्या कड्या सरकवत होते. मान सुद्धा वळली नव्हती.

अक्कानं बायकांना परत पाठवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"बघितलंस?"

"काय?"

"येडं घिऊन पेडगावला जाऊ नगंस. बघितलंस तू."

तिनं गॅस बंद केला. "दीड वर्स झालं. डावा कान आदी गेला, मग उजवा. जवळ जाऊन वरडलं तर थोडं कळतंय. बारामतीला मशीन बी बसवून आणलं. एक दिस घातलं, म्हणले ढोलकी पत्र्यावानी वाजती, आन् काढून ठेवलं."

"मग वाजवत्यात कसे?"

"माझ्या पायाकडं बगून. आन् फळीतनं. मी पाय आपटला की त्यांच्या बुडाखालच्या फळीला कळतंय, तितनं त्यांला. म्हणून तर गादी नगं म्हणत्यात."

मी विचारलं, थिएटरच्या मालकांना माहीत आहे का. अक्का हसली, पण चांगलं नाही हसली. "मालकाला कळलं तर दुसऱ्या दिशी घरी. बहिरा ढोलकीवाला कोण ठेवंल? आन् त्यो माणूस घरी बसला तर किती दिस जगंल, सांग मला. माझं बी ऐक. दुसऱ्याच्या थापेवर मी आता नाचले तर मी म्हातारी दिसते. आबांच्या थापेवर न्हाय दिसत. तवा तुझा भोंगा बंद ठेव."

"ठेवतो, अक्का."

आणि ठेवला. आयुष्यात एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदाच पोटात ठेवली आणि त्याचा मला गर्वही झाला. एवढंच नाही, मी मदत करायला लागलो. पाळी सुरू होताना घंटा होते ती आबांना ऐकू यायची नाही, म्हणून घंटा झाली की मी माईकचा स्टँड फळीवर दोनदा आपटायचो. चार-पाच रात्री आपटला असेल. एकदा विंगेत आबांनी माझ्या हातावर तात्याचं एक पान ठेवलं आणि म्हणाले, "भोंग्या, आपटतोस ते ठीक हाय. पर बेताल आपटतोस." म्हणजे त्यांना मला कळल्याचं कळलं होतं. त्यावर आमच्यात पुन्हा कधी शब्द झाला नाही.

एकदा तर मी त्यांना चक्क वाचवलं. पहिल्या रांगेतून तात्यानंच विचारलं, "समदे गादीवर, आन् आबाच फळीवर का वो? त्येंनी काय घोडं मारलंय?" मालक मागं भिंतीला टेकून उभे होते. मी क्षणात माईक तोंडाला लावला, "नवस हाय, नवस! आबांनी म्हसोबाला बोललंय, पानमळ्याच्या तात्याचं लगीन हुईस्तोवर गादीवर बसणार न्हाय!"

हॉल पत्र्यासकट उडाला. तात्या उठला, हॉलकडं वळून हात जोडले आणि म्हणाला, "मग म्हाताऱ्याला फळीवरच मराया लागतंय!"

आणखी हसू. आबाही हसले, सगळे हसतायत हे बघून हसले. त्या रात्री मला फार शहाणा झाल्यासारखं वाटलं. आज आठवलं की तात्याचं ते वाक्य तेवढं कानात राहतं.

पुढं थिएटर ओस पडायला लागलं. वाढदिवसाला गावातच डीजे लावून नाचणारी बोलवायची पद्धत निघाली, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याच्या हातात मोबाईल. शनिवारी सुद्धा निम्म्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. मालक म्हणायला लागले, असंच चाललं तर मंगल कार्यालय करतो हितं, लग्नं करायची तरी लोक सोडत न्हाईत. मागच्या खोल्यांत बायका हळू आवाजात बोलायला लागल्या. हे ऐकून माझ्यातला शहाणा पुन्हा जागा झाला.

इंदापुरात माझ्या ओळखीचा एक डीजेवाला आहे. त्याच्याकडं धुराचं मशीन होतं. सुटकेसएवढा डबा, आत पाणी ओतायचं, बटण दाबलं की पांढरा धूर जमिनीवरून सरकत जातो आणि नाचणारा ढगात उभा असल्यासारखा दिसतो. मी त्याच्या शेडबाहेर उघड्यावर ते बघितलं आणि मला साक्षात्कार झाला. शेवटच्या पाळीला अक्का ढगात! लोक मोबाईल काढून चित्रं घेतील, ती गावोगाव जातील, खुर्च्या भरतील. मालक म्हणाले, बग करून. डीजेवाल्यानं वर बासच्या स्पीकरचा एक मोठा डबाही दिला, म्हणाला छातीत घुमतंय.

आणि मी हे कुणाला सांगितलं नाही. अक्काला नाही, आबांना नाही. ऐनवेळी चकित करायचं होतं ना! नको तिथं तोंड उघडणाऱ्या माणसानं आयुष्यात दुसऱ्यांदा गुपित राखलं, आणि तेच नडलं. एक शब्द बोललो असतो, "अक्का, धूर घोट्यापर्यंत येतो," तर तिनं तिथंच माझ्या मुस्काटात मारली असती आणि गोष्ट संपली असती. घोट्यापर्यंत. हा शब्द मी डीजेवाल्याला हातानं माप दाखवून म्हणालो होतो. आबा कशाकडं बघून वाजवतात हे मला माहीत होतं. फळीत काय येतं हे मला माहीत होतं. बासचा डबा फळीवर ठेवताना तो मी स्वतः उचलून ठेवला.

त्या शनिवारी मी आठवडाभर जाहिरात केल्यामुळं हॉल बऱ्यापैकी भरला होता. तात्या पहिल्या रांगेत, मालक मागच्या भिंतीला. अक्काची पहिली लावणी झाली, दुसरी झाली. वन्समोअर आला. माणसं अशी खुशीत होती की एकानं आपला फेटा उडवला तो पंख्यात अडकला आणि अख्खा हॉल वर बघून "धर! धर!" करत होता. मग जुगलबंदी पुकारली. अक्का पुढं आली, आबांनी मांडी नीट केली. मी खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं.

धूर आला. खरंच सुंदर आला, खोटं कशाला सांगू. लोकांनी आ वासला. अक्का दचकली, तिनं खाली बघितलं. तिला तिचेच पाय दिसत नव्हते. धूर घोट्याशी थांबला नाही. उघड्यावरचं मशीन बंद शेडमध्ये लावलेलं, तो मांडीपर्यंत चढला. फळीवर बसलेल्या माणसाच्या मानेपर्यंत. फळी बासच्या डब्यानं घुंघुंघुं करत होती.

अक्कानं पहिला बोल टाकला. आबांनी तो बरोबर परत दिला. वीस वर्षांत तिचा पहिला बोल कधी बदललेला नव्हता. टाळ्या पडल्या. अक्का तशीच उभी राहिली, मग सोपा, अगदी शिकाऊ पोरीला देतात तसा दुसरा बोल तिनं जोरजोरात आपटून टाकला. धुरात आबांचं नुसतं डोकं दिसत होतं. डोकं इकडं वळलं, तिकडं वळलं. मग ढोलकी वाजली. काहीतरी वेगळंच वाजलं. चांगलं वाजलं, पण ते अक्काच्या पायातलं नव्हतं.

हॉल गप्प झाला. त्या गप्प झालेल्या जागेत, सहा वर्षांच्या सवयीनं, मी ओरडलो.

"पदर!"

डोकं चप्पल शोधत मागनं आलं तोवर हॉलनं उचललं होतं. "पदर! पदर!" लोकांचा काही दोष नव्हता. आबांची ढोलकी चुकलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली, ते खूश झाले. शिट्ट्या, खुर्च्यांवर बुक्क्या. अक्काचा हात पदराला गेला नाही. ती माझ्याकडं बघत होती.

तात्या उठला. "आरं धूर हाय धूर! म्हाताऱ्याला दिसंना झालंय!"

मागनं कुणीतरी म्हणालं, "दिसायला काय चित्र काढायचंय व्हय? कानानं वाजीव म्हणावं! कान हायत का भजी?"

हॉल फुटला. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही विनोदाला एवढं हसू मिळालेलं नाही. मागं मालक भिंतीपासून सुटे झाले आणि एकटेच हसत नव्हते.

अक्का माईकशिवाय म्हणाली, "धूर बंद कर."

मी रिमोट काढला आणि घाईघाईत दाबला. दुसरंच बटण दाबलं. मशीन फुस्सकन दुप्पट सुटलं, पहिल्या दोन रांगा खोकायला लागल्या, पेटीवाला दिसेनासा झाला, आणि लोकांना वाटलं हेही खेळातलंच. मी वायर शोधत स्टेजवर रांगत होतो. रांगताना माझा पाय माईकच्या वायरीत अडकला आणि मी तोंडावर पडलो, त्यालाही टाळ्या मिळाल्या.

वायर उपटली. दारं उघडली. धूर विरत गेला तसा हॉलही हळूहळू थांबला. आबा फळीवर मांडी घालून तसेच बसले होते. हात मांडीवर. ढोलकीवर निळ्या काठाचा टॉवेल घातलेला.

आम्ही काय ओरडत होतो ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. आपण चुकलो हे त्यांना माझ्या तोंडाच्या आधी कळलं होतं, आणि रीत त्यांनी स्वतःच पुरी केली होती.

अक्कानं उरलेली लावणी पेटीवर आणि घुंगरांवर केली. रीत म्हणजे रीत. त्या रात्री ती म्हातारी दिसली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आबांच्या मोबाईलवर सकाळपासून तीनदा फोन लावून बघितला होता. "घंटी वाजती, उचलतंय कोण?" असं म्हणून ते माझ्याकडं वळले. "तुला ठावं हुतं."

मी मान हलवली.

"जाऊन सांगून ये, म्हणावं येऊ नका आता."

"मी?"

"बोलायची नोकरी तुझी का माझी?"

मी मोटरसायकलवर लासुर्ण्याला गेलो. निमगावात तात्यानं पानांचा पुडका दिला. आबांचं घर गल्लीत, दोन खोल्यांचं, पुढं शेवग्याचं झाड आणि त्याखाली एक जुनी लाकडी बाज. आबा बाजेवर बसले होते. त्यांची बायको, काकी, आतून डोकावली, "या पावणं," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. ढोलकी कुठं दिसली नाही.

मी बाजेवर बसलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोठी पंचाईत आहे. वाईट बातमी हळू आवाजात सांगायची असते. बहिऱ्या माणसाला कसली हळू सांगता? मी नुसती सुरुवात करून बघितली, "आबा! कसं हाय?" तर पलीकडच्या दारात शेंगा फोडत बसलेली बाई म्हणाली, "बरं हाय म्हणत्यात!" समोरच्या घराची खिडकी उघडली. मी म्हणालो, "आबा, मालकांनी सांगितलंय—" आणि गल्लीतलं शेंगा फोडणं थांबलं.

मी पानाच्या पुडक्याचा कागद काढला, पेन काढलं, "आबा, मालक म्हणतात" एवढं लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. शेजारीण पुन्हा शेंगा फोडायला लागली. आबा माझ्या तोंडाकडं नाही, कागदाकडंही नाही, समोर रस्त्याकडं बघत होते.

मग मी बाजेच्या लाकडावर बोटांनी वाजवायला लागलो. अक्काचा तो दुसरा बोल, सोपा, शिकाऊ पोरीचा. सहा वर्षं रोज रात्री ऐकलेला. मला त्यातून काय म्हणायचं होतं कोण जाणे. चुकलं माझं, असं असेल. किंवा मला ठावं हुतं, असं. लाकडातून त्यांच्या मांडीला ते कळत होतं, कारण त्यांचा डावा अंगठा हलला. मी पुन्हा वाजवलं.

त्यांनी तळहात माझ्या हातावर आडवा ठेवला.

"चुकलास," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, जरा मोठाच. "तिसरा ठोका खाल्लास."

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि माझ्या हातावर घातला.

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले. मालकांचा निरोप मला द्यावाच लागला नाही.

काकीनं चहा आणला. आबांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकून प्यायले. माझ्यापुढचा कप तसाच. उजवा हात टॉवेलखाली होता.

"घ्या की वो," काकी म्हणाली, "गार व्हतोय."

ती दारात उभी राहून एकदा माझ्याकडं, एकदा टॉवेलकडं बघत राहिली. मी हात काढला नाही. चहावर साय धरेपर्यंत मी तसाच बसलो होतो.